फ्रिक्वेन्सी आणि मोड एकत्र जतन करा: हॅम लॉगिंग सॉफ्टवेअरची मेमरी नीट बसवण्याची पद्धत

हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओचालकाच्या, लॉगमधल्या (संपर्कांच्या नोंदवहीतल्या) एका ओळीचं मोल तिच्यातल्या चार गोष्टींवर ठरतं: समोरच्याचा कॉलसाइन (परवान्यासोबत मिळालेलं सांकेतिक नाव), वेळ, बँड (फ्रिक्वेन्सींचा पट्टा) आणि मोड (सिग्नल पाठवण्याची पद्धत). 'लॉगबुक ऑफ द वर्ल्ड' या संपर्कांची पुष्टी देणाऱ्या ऑनलाइन सेवेवर दोन्ही बाजूंच्या नोंदी जुळतात त्या याच चारांवर. वेळेत अर्ध्या तासापर्यंतचा फरक चालतो, बँड आणि मोडमध्ये चालत नाही. वीस मीटरवर एफटी८ या डिजिटल मोडमध्ये लागलेला ब्राझील आपल्या लॉगमध्ये चाळीस मीटरवरचा एसएसबी (सिंगल साइडबँड, आवाजाचा मोड) म्हणून गेला, तर त्या संपर्काची पुष्टी येत नाही, आणि ती का आली नाही हे कुणी सांगायलाही येत नाही.

हा घोटाळा बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होतो. आपण बँड बदलतो, रेडिओ बदलतो, आणि सॉफ्टवेअरमधला फ्रिक्वेन्सीचा खण जुन्या आकड्यावर तसाच राहतो. लक्ष ठेवून तो हाताने दुरुस्त करत राहणं हा उपाय नाही. चांगलं प्रोपगेशन (लहरींचा दूरवर प्रसार) चालू असताना ते लक्ष राहत नाही आणि राहूही नये. फ्रिक्वेन्सी रेडिओने स्वतः सांगावी, प्रत्येक फ्रिक्वेन्सीबरोबर तिचा मोड आधीच ठरलेला असावा, आणि लॉगमध्ये तो योग्य नावाने उतरावा, अशी घडी एकदा बसवून टाकायची. पावसाळ्यातल्या एखाद्या दुपारी, गडगडाटामुळे अँटेना काढून ठेवलेला असताना, यातलं बरंचसं काम सुखाने होतं.

एक खुलासा आधीच करतो. या लेखात 'यूएसबी' म्हणजे अप्पर साइडबँड, आणि 'एलएसबी' म्हणजे लोअर साइडबँड. रेडिओ आणि संगणक जोडणाऱ्या तारेला मी नुसतं 'केबल' म्हणेन.

आधी कागदावर यादी

सॉफ्टवेअर उघडण्याआधी वहीत आपली स्वतःची यादी लिहा. इंटरनेटवरून उतरवलेली शेकडो फ्रिक्वेन्सींची फाइल भरून ठेवली की तिच्यात आपल्या कामाच्या दहा-बारा हरवतात. प्रत्येक ओळीत पाच गोष्टी लिहा: फ्रिक्वेन्सी, रेडिओचा मोड, फिल्टरची रुंदी, पॉवर आणि कोणता अँटेना. फ्रिक्वेन्सी एकटी लिहू नका. मोड नसलेली फ्रिक्वेन्सी अर्धी आहे, आणि पुढच्या सगळ्या मांडणीचा पाया हाच आहे.

एफटी८साठी डायल फ्रिक्वेन्सी अशा: ८० मीटरवर ३.५७३, ४० वर ७.०७४, २० वर १४.०७४, १७ वर १८.१००, १५ वर २१.०७४, १२ वर २४.९१५ आणि १० वर २८.०७४ मेगाहर्ट्झ. एफटी४ या दुसऱ्या डिजिटल मोडसाठी ७.०४७५, १४.०८० आणि २१.१४०. वीस मीटरवर पीएसके३१साठी (टाइप करून गप्पा मारण्याचा डिजिटल मोड) १४.०७०, एसएसटीव्हीसाठी (चित्रं पाठवण्याचा मोड) १४.२३०. आवाजासाठी सर्वमान्य रिवाज असा की १० मेगाहर्ट्झच्या खाली एलएसबी आणि वर यूएसबी. एफटी८ला मात्र हा रिवाज लागू नाही. ते ४० आणि ८० मीटरवरही यूएसबीवरच चालतं. नव्या परवानाधारकांचं इथे हमखास अडतं: सकाळी ४० मीटरवर एलएसबीत नेट (ठरलेल्या वेळी जमणाऱ्या हॅमच्या गप्पा) ऐकतात, तिथूनच ७.०७४ वर जातात, वॉटरफॉलवर (पडद्यावर सिग्नल दाखवणाऱ्या पट्टीवर) रेघा दिसतात आणि एकही डीकोड होत नाही. मेमरीत मोड जोडून ठेवला असता तर हा प्रश्नच आला नसता.

फक्त ऐकण्यासाठीच्या काही ओळीही यादीत असाव्यात. १४.१००, १८.११०, २१.१५०, २४.९३० आणि २८.२०० वर आंतरराष्ट्रीय बीकन, म्हणजे ठरावीक वेळाने आपोआप सिग्नल देणारी केंद्रं, चालतात. एकूण १८ बीकन प्रत्येकी दहा सेकंद घेतात आणि तीन मिनिटांत एक फेरी पूर्ण होते. श्रीलंकेचा ४एस७बी त्यातला आपल्याला सर्वांत जवळचा. कोणत्या दिशेला बँड उघडा आहे हे पाहायला याहून स्वस्त साधन नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाची १४५.८०० एफएम हीदेखील इथेच ठेवा. अशा प्रत्येक ओळीच्या नावातच 'ऐकण्यासाठी' असं लिहा, म्हणजे तिथे चुकून ट्रान्समिट होणार नाही.

आपत्कालीन फ्रिक्वेन्सी वगळू नका. १४.३०० यूएसबी जगभर ओळखली जाते, आणि आपल्या विभागात (हॅमच्या जागतिक विभागणीतला विभाग ३) ४० मीटरवर ७.११० एलएसबी. मे २०२१मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यालगत वर सरकलं तेव्हा गोव्यात किती गावं विजेविना राहिली ते आपण पाहिलं आहे. तशा वेळी फ्रिक्वेन्सी आठवत बसायला सवड नसते.

बँडच्या कडाही कागदावरच तपासा. भारतात ४० मीटर ७.००० ते ७.२०० इतकाच आहे. बरीच लॉगिंग सॉफ्टवेअर अमेरिकेत जन्मलेली, त्यांच्या तयार यादीत ७.३००पर्यंतची जागा असते. शिवाय डायलवर दिसतो तो दाबलेल्या कॅरियरचा (मूळ वाहक लहरीचा) आकडा. एलएसबीत सिग्नल त्याच्या खाली सुमारे तीन किलोहर्ट्झ पसरतो आणि यूएसबीत वर. म्हणून ७.००१ एलएसबी किंवा १४.३४९ यूएसबी अशी मेमरी करू नका. आकडा बँडच्या आत असला तरी सिग्नल बाहेर जातो. व्हीयू३ कॉलसाइन असलेल्यांनी रिस्ट्रिक्टेड परवान्यात बसणारे बँड आणि पॉवर तेवढेच यादीत घ्यावेत.

रेडिओ आणि संगणक यांची ओळख

रेडिओ आपली फ्रिक्वेन्सी संगणकाला सांगतो त्या सोयीला कॅट म्हणतात. आयकॉमवाले सीआय-व्ही म्हणतात. ही जोडणी पक्की होईपर्यंत मेमरीला हात लावू नका.

१. केबल लावण्याआधी ड्रायव्हर टाका. मग केबल लावून विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्टचा क्रमांक पाहा आणि वहीत लिहा. यासू एफटी-९९१एसारख्या रेडिओत एकाच केबलवर दोन पोर्ट दिसतात. 'एन्हान्स्ड' नावाचा कॅटसाठी, 'स्टँडर्ड' नावाचा ट्रान्समिट चालू करण्यासाठी. केबल नेहमी त्याच सॉकेटमध्ये लावा, नाहीतर पोर्टचा क्रमांक बदलण्याची शक्यता असते.

२. वेग दोन्हीकडे एकच ठेवा. आयकॉम आयसी-७३००मध्ये कनेक्टर्सच्या मेनूत 'सीआय-व्ही यूएसबी पोर्ट' (इथे मात्र यूएसबी म्हणजे केबलचं सॉकेट) रिमोटपासून 'अनलिंक' करा, मग वेग ११५२०० ठेवता येतो. एफटी-९९१एवर कॅट रेट ३८४०० ठेवा. सॉफ्टवेअरमध्येही अगदी तोच आकडा हवा. 'ऑटो'वर विसंबू नका.

३. अँटेनाच्या जागी डमी लोड (सिग्नल हवेत न सोडता जिरवणारा रोध) लावूनच पहिली चाचणी घ्या. काही रेडिओ पोर्ट उघडताच ट्रान्समिटमध्ये जातात, कारण आरटीएस किंवा डीटीआर ही पोर्टची नियंत्रण-ओळ सॉफ्टवेअरने वर उचललेली असते. तसं झालं तर सॉफ्टवेअरमध्ये त्या दोन्ही ओळी बंद करा आणि ट्रान्समिट कॅटद्वारे करा.

४. डब्ल्यूएसजेटी-एक्स या एफटी८च्या प्रोग्राममध्ये सेटिंग्जच्या 'रेडिओ' पानावर आपला रेडिओ निवडून 'टेस्ट कॅट' दाबा. बटण हिरवं झालं की डायल हाताने फिरवा, आकडा संगणकावर बदलला पाहिजे. मग उलटं करा, संगणकावर बँड बदला, रेडिओ बदलला पाहिजे. दोन्ही दिशा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एक पोर्ट एका वेळी एकच प्रोग्राम वापरू शकतो. लॉगिंग सॉफ्टवेअर आणि डब्ल्यूएसजेटी-एक्स दोघांनाही रेडिओ हवा असला, तर मधे एक वाटाड्या लागतो: विंडोजवर ऑम्नी-रिग, किंवा विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालणारा एफएलरिग. पोर्ट, वेग, आरटीएस, डीटीआर हे सगळं त्या एका ठिकाणी भरायचं आणि बाकीच्या प्रोग्रामना 'ऑम्नी-रिग रिग १' किंवा 'एफएलरिग' एवढंच सांगायचं. दोन प्रोग्राम वापरणाऱ्या प्रत्येकाला मी ही मांडणी सुचवतो. पुढे रेडिओ बदलला तरी एकाच जागी हात घालावा लागतो.

ट्रान्समिट करताना जोडणी तुटत असेल तर आधी केबलवर फेराइटचे मणी चढवा. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी कनेक्टरही उघडून पाहावेत. खारी दमट हवा पितळ आणि तांबं लवकर हिरवं करते, आणि सॉफ्टवेअरमधला वाटणारा दोष पुष्कळदा तिथेच सापडतो.

तीन मोड, तीन जागा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

पहिला मोड रेडिओचा: एलएसबी, यूएसबी, सीडब्ल्यू (मोर्स), एफएम, आणि डिजिटलसाठी आयकॉमवर यूएसबी-डी, यासूवर डेटा-यू. दुसरा डिजिटल प्रोग्रामचा: एफटी८, एफटी४, पीएसके३१. तिसरा लॉगचा, म्हणजे एडीआयएफ या सर्वमान्य फाइलपद्धतीत लिहिला जाणारा.

रेडिओला फक्त पहिला मोड ठाऊक असतो. डेटा-यूमध्ये आत एफटी८ चाललं आहे की पीएसके३१, हे त्याला कळण्याचा मार्गच नाही. त्यामुळे 'मोड रेडिओकडून घ्या' ही लॉगिंग सॉफ्टवेअरची खूण सरसकट चालू ठेवली की एफटी८चे संपर्क एसएसबी म्हणून नोंदले जातात. माझा नियम सोपा आहे: आवाज आणि सीडब्ल्यू यांचा मोड रेडिओकडून घ्यायचा, डिजिटलचा मोड डिजिटल प्रोग्रामकडूनच. डब्ल्यूएसजेटी-एक्स प्रत्येक संपर्क यूडीपी या नेटवर्क-पद्धतीने २२३७ या पोर्टवर पाठवू शकतं. 'रिपोर्टिंग' पानावर तो पत्ता असतो. लॉगिंग सॉफ्टवेअरला तिथे ऐकायला सांगितलं की फ्रिक्वेन्सी, मोड, रिपोर्ट सगळं जसंच्या तसं येतं आणि तुम्हाला काहीच टाइप करावं लागत नाही.

एडीआयएफमध्ये मोडची उतरंड असते. आवाजाचा मुख्य मोड एसएसबी, आणि एलएसबी किंवा यूएसबी हे त्याचे उपमोड. पीएसके३१ हा पीएसकेचा उपमोड. एफटी८ स्वतः मुख्य मोड आहे, पण एफटी४ मात्र एमएफएसकेचा उपमोड. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मोडच्या खणात थेट 'यूएसबी' लिहिलेलं दिसलं तर नव्या आवृत्तीत हलवताना ते एसएसबी अधिक उपमोड असं बदलून घ्या.

काही लॉगिंग सॉफ्टवेअर फ्रिक्वेन्सीवरून मोडचा अंदाज बांधतात. हा अंदाज अमेरिकी बँड प्लॅनवर (बँडमध्ये कोणता मोड कुठे याच्या आखणीवर) बेतलेला असतो. तिथे ४० मीटरवर आवाज ७.१२५पासून पुढे, आपल्याकडे मात्र रोजच्या गप्पा ७.१००च्या खाली रंगतात. परिणामी ७.०५५ वरची सकाळची मराठी गप्पा लॉगमध्ये सीडब्ल्यू किंवा डिजिटल म्हणून पडते. सेटिंग्जमध्ये बँड प्लॅनचा तक्ता शोधा, विभाग ३ निवडा, आणि तरीही ४० मीटरची ओळ स्वतः वाचून दुरुस्त करा.

मेमरी भरणे

डब्ल्यूएसजेटी-एक्समध्ये सेटिंग्जच्या 'फ्रिक्वेन्सीज' पानावर तक्ता आहे. त्यात विभाग, मोड आणि फ्रिक्वेन्सी असे रकाने. 'जनरल' पानावर विभाग ३ निवडला की दुसऱ्या विभागांच्या ओळी बाजूला होतात. तक्त्यावर उजवं क्लिक करून 'इन्सर्ट' निवडा, मोड आणि आकडा भरा. नको त्या ओळी तिथूनच 'डिलीट' करा. मग 'रेडिओ' पानावर मोडसाठी 'डेटा/पॅकेट' निवडा. याचा फायदा असा की बँड बदलताच रेडिओ आपोआप डेटा-यूमध्ये जातो, आणि बऱ्याच रेडिओंत डेटा मोडमध्ये मायक्रोफोनचा कॉम्प्रेसर बाजूला राहतो. साध्या यूएसबीत तो चालू राहिला तर तुमचा एफटी८चा सिग्नल पसरट होतो आणि शेजाऱ्यांना त्रास देतो.

त्याच पानावर 'स्प्लिट ऑपरेशन' असतं. तिथे 'फेक इट' ठेवा. ट्रान्समिट करताना प्रोग्राम डायल थोडा सरकवतो आणि ऑडिओ टोन १५०० ते २००० हर्ट्झमध्ये धरतो, म्हणजे टोनचे हार्मोनिक फिल्टरबाहेर पडतात. त्या क्षणी रेडिओवर १४.०७३५ दिसलं तर काही बिघडलेलं नाही. लॉगमध्ये १४.०७५ आणि पुढे काही आकडे दिसले तरी तसंच: डायलमध्ये ऑडिओ टोन मिळवून खरी फ्रिक्वेन्सी लिहिलेली असते.

एफएलडिजी या डिजिटल मोडच्या प्रोग्राममध्ये ही सोय मला सर्वांत मनाजोगी वाटते. फ्रिक्वेन्सीच्या आकड्याशेजारी पुस्तकाचं चिन्ह आहे. ते दाबलं की यादी उघडते, आणि प्रत्येक ओळीत फ्रिक्वेन्सी, रेडिओचा मोड, ऑडिओतली जागा आणि डिजिटल मोड असं चारही एकत्र जतन होतं. ओळ निवडली की चारही गोष्टी जागेवर येतात. रेडिओ आधी हवा तसा लावून घ्या, मगच चालू स्थिती यादीत टाका. उलट क्रमाने केलं तर अर्धवट नोंद साठते.

एन१एमएम लॉगर प्लस या स्पर्धांसाठीच्या लॉगिंग सॉफ्टवेअरमध्ये यादीपेक्षा कळफलक जलद. कॉलसाइनच्या खणात किलोहर्ट्झमध्ये १४२०० लिहून एंटर दाबलं की रेडिओ तिथे जातो. तिथेच मोडचं नाव लिहिलं की मोड बदलतो. स्पर्धेच्या धावपळीत याला तोड नाही.

रेडिओच्या स्वतःच्या मेमरीतही कागदावरच्या यादीतल्या आवाजाच्या आणि आपत्कालीन ओळी भरा. संगणक बंद पडला किंवा बॅटरीवर फक्त रेडिओ चालवायचा असला तर त्याच उपयोगी येतात. रेडिओच्या मेमरीत पॉवर सहसा साठत नाही, म्हणून चॅनेलच्या नावातच ती लिहा. एफटी८मध्ये रेडिओ पंधरा सेकंदांच्या चक्रात जवळपास पूर्ण वेळ एकसारखा तापतो. आवाजाची पूर्ण पॉवर तिथे तशीच ठेवणं फायनल ट्रान्झिस्टरवर अन्याय आहे. अर्धी किंवा त्याहून कमी पुरते. हँडहेल्ड सेटसाठी चर्प हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. रिपीटर (सिग्नल पुन्हा प्रसारित करणारं केंद्र) भरताना शिफ्टची दिशा, ऑफसेट आणि टोन या तिन्ही गोष्टी तपासा. टोन चुकला तर रिपीटर ऐकू येतो पण उघडत नाही.

उपग्रहावरून बोलताना दोन फ्रिक्वेन्सी लागतात. लॉगमध्ये आपली ट्रान्समिट फ्रिक्वेन्सी मुख्य खणात आणि ऐकण्याची रिसीव्हच्या खणात जाते. सोबत प्रसाराचा प्रकार 'उपग्रह' आणि उपग्रहाचं नाव हवंच, त्यावाचून पुष्टी जुळत नाही. एसओ-५० या उपग्रहासाठी १४५.८५० वर ६७ हर्ट्झच्या टोनसह चढायचं आणि ४३६.७९५च्या आसपास ऐकायचं. डॉप्लरमुळे (उपग्रहाच्या गतीमुळे) ऐकण्याचा आकडा सरकतो, म्हणून पाच-पाच किलोहर्ट्झच्या अंतराने चार-पाच मेमरी ओळीने भरून ठेवा.

जागा आणि घड्याळ

गोव्यातल्या हॅमसाठी एक बारकावा महत्त्वाचा आहे. पूर्व रेखांश ७४ ही रेघ राज्याच्या मधून जाते आणि तिथेच ग्रिड (जागा सांगणारा चौकोनाचा संकेत) बदलतो. पणजी, म्हापसा, मडगाव एमके६५मध्ये, तर वाळपई आणि सांगे एमके७५मध्ये. काणकोणच्या पार दक्षिणेला पोळ्याकडे तर एमके७४ लागतो. पर्वरीत राहणारा माणूस चवथीला सत्तरीतल्या घरी रेडिओ नेतो, तेव्हा परवान्यातल्या पत्त्याबाबतच्या अटी पाळून झाल्यावर हा ग्रिडही बदलायला हवा. डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या 'कॉन्फिगरेशन्स' मेनूत आहे त्या मांडणीची 'क्लोन' प्रत काढा, तिला गावाचं नाव द्या, आणि ग्रिड, रेडिओ, फ्रिक्वेन्सी सगळं वेगळं जतन करा. पुढच्या वेळी एका क्लिकवर सगळं बदलतं. लॉगबुक ऑफ द वर्ल्डसाठीही त्या जागेचं वेगळं 'स्टेशन लोकेशन' करा.

वेळ नेहमी यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. म्हणजे रविवारी पहाटे चारचा संपर्क लॉगमध्ये शनिवारी २२:३०चा. विंडोजचं घड्याळ भारतीय वेळेवरच राहू द्या, रूपांतर सॉफ्टवेअरला करू द्या. एफटी८साठी घड्याळ सेकंदाच्या आत अचूक हवं, म्हणून इंटरनेटवरून वेळ जुळवणारी सोय चालू ठेवा.

खात्री कशी करायची

प्रत्येक बँडवर, प्रत्येक मोडसाठी एक खोटी नोंद करा. कॉलसाइन म्हणून स्वतःचाच घाला. मग लॉग एडीआयएफमध्ये निर्यात करून नोटपॅडमध्ये उघडा. पडद्यावरचा तक्ता पाहून समाधान मानू नका, फाइलमध्ये काय लिहिलं गेलं तेच जगापुढे जातं. फ्रिक्वेन्सी मेगाहर्ट्झमध्ये आहे का पाहा. १४.०७४च्या जागी १४०७४ असेल तर एकक चुकलं आहे. बँड फ्रिक्वेन्सीशी जुळतो का, एफटी८ला एफटी८च म्हटलं आहे का, आवाजाला एसएसबी आणि योग्य उपमोड आहे का, तारीख यूटीसीची आहे का, हे एकेक ओळ वाचून तपासा. सगळं बरोबर निघालं की खोट्या नोंदी काढून टाका. लॉग ठेवणं हे परवान्याबरोबर येणारं बंधन आहे, त्यात चाचणीच्या ओळी राहू नयेत.

शेवटी जतन केलेलंही जतन करायचं असतं. जूनपासून वीज कधी जाईल आणि कधी झटक्याने येईल याचा भरवसा नसतो, आणि लिहिता लिहिता बंद पडलेली फाइल बिघडू शकते. डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या फाइल मेनूत 'ओपन लॉग डिरेक्टरी' आहे. तिथल्या लॉगची आणि सेटिंग्जच्या फाइलची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. एफएलडिजीचं अख्खं फोल्डर उचला. ऑम्नी-रिगमधले आकडे आणि रेडिओचे मेनू वहीत लिहून ठेवा किंवा फोटो काढा. फ्रिक्वेन्सीच्या तक्त्यावर उजव्या क्लिकमध्ये 'सेव्ह' आहे, तेही करा. नवी आवृत्ती टाकल्यावर 'रिसेट' दाबलं तर तयार यादी परत येते आणि आपल्या भरलेल्या ओळी जातात. तेव्हा आधी सेव्ह, मग रिसेट, आणि नंतर 'मर्ज' करून आपली यादी पुन्हा आत घ्या.